शक्ती पाहून, समय पाहून

दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमावरील भोज गावी सातगौडा पाटील नावाचा तरुण राहत असे. नवव्या वर्षी त्याचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच बालवधू वारली. पुन्हा विवाहास तो राजी झाला नाही. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने मुनिदीक्षेची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा वडिलांनी एवढेच मागितले, की आम्ही हयात आहोत तोवर घरी राहा. वैराग्याच्या प्रशंसेने शास्त्रे भरलेली आहेत. त्यांतील आधार पुढे करून त्याला हट्ट धरता आला असता. तो थांबला. शेती पाहिली, कापडाच्या दुकानात बसला. गिऱ्हाइकाने कापड स्वतः मोजून घ्यावे आणि वहीत स्वतःच मांडावे, अशी त्या दुकानाची रीत होती असे सांगतात. (हिशेब तपासणाऱ्याच्या छातीत धडकी भरविणारी ही रीत खरी!) शिखरजीच्या यात्रेच्या वेळी त्याने तूप-तेलाचा त्याग केला, पुढे एकभुक्त राहू लागला. वडील गेले, १९१२ मध्ये आईही गेली. त्यानंतर क्षुल्लकपद आणि १९२० मध्ये यरनाळ येथे निर्ग्रंथ मुनिदीक्षा. तोवर वयाची सत्तेचाळीस वर्षे उलटली होती. हेच चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज.

सुमारे तीस वर्षांच्या या प्रतीक्षेला टाळाटाळ म्हणता येत नाही, कारण त्या काळात तयारी एक दिवसही थांबली नव्हती. आपल्या घरांतून मात्र बहुधा दोन टोके दिसतात. एकीकडे 'निवृत्तीनंतर पाहू' म्हणणारे, तर दुसरीकडे एका प्रवचनाने भारावून दुसऱ्याच दिवशी सारे आचरू पाहणारे. कर्जाचे हप्ते थकलेले असताना बोलीत मोठा आकडा उच्चारणाऱ्या गृहस्थाच्या घरी ती रात्र कशी जाते, हे त्याच्या पत्नीला विचारावे. मधुमेहाची गोळी चालू असलेल्या सासूबाई पर्युषणात सुनेच्या बरोबरीने उपवास धरतात. चौथ्या दिवशी चक्कर येते, आणि मग घरातील मुले धर्मालाच नावे ठेवू लागतात. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप या दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द जोडलेला आहे. तो वाचताना आपली नजर पुढच्या शब्दावर घाईने जाते.

याहून जिव्हारी लागणारी चूक असते ती दुःखाच्या घरी. तरुण मुलगा गेलेल्या आईसमोर बसून 'पूर्वकर्माचा उदय' सांगणारे हितचिंतक प्रत्येक गावात असतात. सिद्धांत खोटा नाही, पण त्या घटकेला तो ऐकणाऱ्या आईला तो आरोपासारखा वाटतो. अशा वेळी तिच्याजवळ मुकाट्याने बसावे, घरच्यांच्या जेवणाची सोय पाहावी. कर्मसिद्धांत समजून घेण्याची वेळ तिची ती येईल, कदाचित वर्षाने, आणि तेव्हा ती स्वतःच विचारील.

आचार्य समंतभद्रांची कथा परंपरेत प्रसिद्ध आहे. भस्मक व्याधीने जर्जर होऊन त्यांनी गुरूंजवळ सल्लेखनेची अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती नाकारली. आधी व्याधीचा उपाय कर म्हणाले. ते बरे झाले, पुन्हा दीक्षित झाले. ज्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सल्लेखना केव्हा घ्यावी याच्या अटी सांगितल्या आहेत, तो ग्रंथ त्यांच्याच नावावर आहे, आणि ज्यावर इलाजच उरलेला नाही असे संकट ही त्यांतील मुख्य अट आहे.

शांतिसागर महाराजांच्या बाबतीत ती घडी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर आली. दृष्टी गेली होती. पायाखालचा जीव दिसेना, आहारातील शुद्धाशुद्ध दिसेना. अहिंसा महाव्रत निर्दोष पाळणे अशक्य झाले. तेव्हा, आणि तेव्हाच, त्यांनी आहार सोडला. १४ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर, छत्तीस दिवस. त्यांतील सव्विसाव्या दिवशी त्यांनी मराठीतून बावीस मिनिटे उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झालेला आहे. देह विसर्जित करीत असलेल्या त्या महामुनींनी संसारी माणसांकडून मागितले ते किती? रोज सहा घडी आत्मचिंतन उत्तम, चार घडी मध्यम, दोन घडी जघन्य. तेही जमत नसेल तर दहा-पंधरा मिनिटे, आणि अगदीच नाही तर निदान पाच मिनिटे.