रानडुकरे आणि धानवाल्याची रात्र

धान निसवले की अर्जुनी-मोरगाव, सडक अर्जुनी, गोरेगाव, सालेकसा ह्या जंगलकाठच्या गावांतील आमच्या शेतकरी बंधूंची झोप उडते. दिवसभर बांधीत राबलेला माणूस रात्री मचाणावर डबा बडवीत बसतो, आणि पहाटे जरा डोळा लागला की कळप आत शिरतो. डुक्कर खाते थोडे, तुडविते फार. ते धुराही उकरते, आणि धुरा फुटला की बांधीतले पाणी वाहून जाऊन उरलेले धानही धोक्यात येते. अशी ही जनावरे कोणाची? शेतात शिरेपर्यंत सरकारची, आणि धान खाऊन झाल्यावर कोणाचीच नव्हेत!

हे दुखणे जुने आहे. 1878 साली इंग्रज सरकारने एकाच वर्षी जंगलाचा कायदा केला आणि हत्यारांचाही केला. पहिल्याने रयतेचे रान गेले, दुसऱ्याने बंदूक गेली. जोतीरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्याच्या जुलमाचे गाऱ्हाणे आहेच. पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला. तो आम्हांस वाईट वाटत नाही. तो नसता तर नागझिऱ्यात आज वाघ दिसता ना. परंतु त्याच कायद्यात उभे पीक नासविणारे जनावर मारण्याची परवानगी अधिकाऱ्याने देण्याची सोय आहे, हे शेतकऱ्यास कोणी सांगितले काय?

2015 साली आमच्या राज्य सरकारने रानडुकरासाठी ही वाट अधिक मोकळी केली. 2016 च्या जून महिन्यात चंद्रपुरात 53 डुकरे मारल्याचा बोभाटा होऊन दिल्लीत दोन मंत्र्यांची जाहीर जुंपली. त्या भांडणात डुकराची बाजू मांडली गेली, खात्याची मांडली गेली. मचाणावरच्या माणसाची कोणी पुसली नाही. केरळात 2022 साली असा परवाना देण्याचा अधिकार गावाच्या पंचायतीच्या प्रमुखाकडे दिला. तेथील सरपंचास जे कळते ते गोंदियाच्या सरपंचास कळणार नाही, असे कोणास म्हणावयाचे आहे काय?

आता एक कडू गोष्ट आमच्याच बंधूंना सांगणे आहे. खांबावरची वीज उघड्या तारेत सोडून शेताभोवती फिरविण्याची चाल ताबडतोब बंद करा. ती तार डुक्कर ओळखत नाही आणि माणूसही ओळखत नाही. पहाटे पाणी पाहावयास निघालेला शेजारी, मोहफुले वेचणारी बाई, चुकलेला बैल, सर्वांना ती एकच न्याय देते. 2017 साली नागभीडकडे ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच तारेने मेला. वाघ हाच डुकराचा खरा राखणदार. तो मारून डुकरे वाढवावयाची, ही कसली राखण? शिवाय खटला होतो, आणि कर्जात असलेले घर तुरुंगाच्या दारात जाते.

सौर कुंपणाचा झटका क्षणाचा असतो. तो नीट बसविला तर जनावर पळते, मरत नाही. परंतु एकाने कुंपण घातले की कळप शेजारच्या बांधीत जातो, आणि तो शेजारी बहुधा आपल्याहून गरीब असतो. म्हणून कुंपण शेताला नको, शिवाराला हवे. मादी एका वेतात चार-सहा पिले देते. तेथे एखाद-दुसरे डुक्कर मारून काय उणे होणार? रोवणीपूर्वी ग्रामसभा भरवा, जंगलकाठची सलग सीमा ठरवा, अनुदानाचा अर्ज गावाच्या नावाने करा, तारेखालचे गवत कापण्याच्या पाळ्या लावा, नाहीतर झटका गवतातच जिरतो. परवान्याचा अर्जही लेखी द्या आणि पोच घ्या.

नुकसानीच्या पंचनाम्याविषयीही सरकारला आमचा सवाल आहे. अर्जास सातबारा लागतो. ज्याने बटईने शेत केले, ज्याच्या बायकोने चिखलात रोवणा लावला, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. धान त्याचे गेले, रात्री त्याच्या गेल्या. भरपाई मात्र गोंदिया-नागपुरात बसलेल्या मालकाच्या खात्यात! ग्रामसभेचा दाखला घेऊन प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या हाती ही रक्कम द्यावी, आणि तीही पुढच्या रोवणीच्या आत द्यावी.