नाथांची वाट आणि काँक्रीट

आषाढी जवळ आली की टीव्हीवर दिवे घाट सुरू होतो. ड्रोनमधून घेतलेली माणसांची नागमोडी रांग, त्यावर एखादा अभंग, मग बातम्या देणारी मुलगी हातात टाळ घेऊन. त्यात वाईट काहीच नाही. पण आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना दरवर्षी थोडं टोचतंच. अरे बाबांनो, पालखी आमच्याकडेही आहे, आणि घाटही आहे!

पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते (तुकोबांची देहूहून निघते, तीच तिथी) आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. अठरा-एकोणीस दिवस, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. ही वाट नाथांच्याही आधीची. त्यांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून विठ्ठलाची मूर्ती परत आणली अशी परंपरा आहे, म्हणजे या घराचं पंढरपूरशी नातं चार पिढ्यांचं होतं. नाथ स्वतः चालण्यात पटाईत असणारच. गुरूंच्या शोधात पैठणहून देवगिरीला गेले ते काय एसटीने? जनार्दनस्वामींची समाधी आजही किल्ल्यावर आहे. आमच्या संभाजीनगरातून दौलताबादला सहलीला जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ती माहीत नसते, पण ते असो.

माझी काकू गेली अकरा वर्षं नाथांच्या दिंडीत जाते. मी पूर्ण वारी कधी केलेली नाही, सुट्टी मिळत नाही. पण दोनदा तिच्याबरोबर मधले तीन-तीन दिवस चालले आहे. दोन्ही वेळा रायमोहा ते पाटोदा आणि पुढे, कारण त्यात गारमाथा येतो.

गारमाथा म्हणजे बालाघाटाचा डोंगर. सह्याद्रीसारखा हिरवागार, धुक्यातला वगैरे नाही. जूनमध्ये इथे पाऊस आला तर आला. मुरूम, बोरी-बाभळी, उघडे माळ आणि अंगावर येणारं ऊन. चढ फार मोठा नाही, पण लांबतो. तिथे भजनाची लय आपोआप बदलते, टाळ हळू होतात, बायका डोक्यावरची तुळस एकमेकींकडे देतात, आणि माथ्यावर वारा लागला की सगळे एकदम मोठ्याने बोलायला लागतात. हा सगळा ऊसतोड्यांचा मुलूख. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी इथली माणसं दिवाळीनंतर गाड्या भरून कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. वर्षातले सहा महिने परक्या फडात काढलेली हीच माणसं दिंडीला पिठलं-भाकरी वाढतात. एका गावात एका आजींनी मला चहा दिला तो बिनदुधाचा होता. दूध नाही म्हणून त्याच ओशाळल्या. मला काय बोलावं कळेना.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

दोन खेपांमध्ये सात वर्षांचं अंतर होतं. पहिल्या वेळी रस्ता खराब होता, पण कडेला माती होती. दुसऱ्या वेळी रुंदीकरण झालेल्या टप्प्यांवर चाललो. पैठण-पंढरपूर रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, पालखी मार्ग म्हणून त्याचं काम निघालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. जिथे काँक्रीट झालं आहे तिथे गाडी सुसाट जाते, हे खरं. पण दुपारी बारा वाजता त्या पांढऱ्या काँक्रीटवर पाय ठेवून बघा! काकू अनवाणी चालायची, तिने चपला घेतल्या. ती म्हणाली, "मातीत पाय पडला की कळतं बाई कुठं पडला ते. हितं समदं सारखंच." गुडघ्यांचं तिचं म्हणणं ती सांगत नाही, पण रात्री राहुटीत तेल चोळताना दिसतं. आणि रुंदीकरणात कडेची झाडं गेली की दुपारचा विसावा घ्यायचा कुठे? टँकरच्या सावलीत?

मी रस्त्याच्या विरोधात नाही. त्या भागातल्या बाळंतिणीला दवाखान्यात पोचायला चांगला रस्ता लागतोच, आणि पालखी काय, वर्षातून एकदा जाते. पण मग त्याला 'पालखी मार्ग' हे नाव कशाला? नाव चालणाऱ्यांचं आणि सोय चाकांची, हे मला पटत नाही. आळंदी आणि देहूच्या मार्गांचं भूमिपूजन नोव्हेंबर 2021 मध्ये झालं तेव्हा दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट हा त्या आराखड्याचाच भाग होता. म्हणजे गरज सरकारलाही कळते. नाथांच्या वाटेला तोच न्याय लावा, एवढंच.

आणि हे नुसत्या सुखसोयीचं नाही. 2019 च्या नोव्हेंबरात दिवे घाटात ब्रेक निकामी झालेला जेसीबी दिंडीत घुसला, त्यात नामदेवरायांच्या वंशातले सोपान महाराज नामदास गेले. तो आषाढीतला बंदोबस्ताचा काळ नव्हता. छोट्या दिंड्या वर्षभर पहाटेच्या अंधारात अशाच चालत असतात, शेजारून ट्रक जात असतात.

स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेबद्दल हल्ली आपल्याकडेही बरंच लिहिलं जातं. 2024 मध्ये तिथे पाच लाखांच्या आसपास यात्रेकरूंची नोंद झाली, आणि ते वर्षभरात विखुरलेले. आपल्या आषाढीच्या गर्दीपुढे हा आकडा किरकोळच. पण तिथल्या कोरड्या पठारावर, जिथे वाट रस्त्याच्या कडेने जाते, तिथे चालणाऱ्यांसाठी वेगळी मुरुमाची पट्टी केली आहे आणि तिच्या कडेने झाडं लावली आहेत. मला हेवा वाटला तो या गोष्टीचा. तिथला एकटेपणा, शिक्के मारलेली पुस्तिका वगैरे आपल्याला नको. आपली वारी एकट्याची नाहीच, आपल्या धर्मशाळा म्हणजे गावं. पण मुरूम आपल्याकडेही आहे की! बालाघाटात दुसरं आहे काय?

एका बाजूला तीन-चार मीटर मुरुमाची पट्टी, तिच्या कडेने कडुनिंब आणि चिंच, काही अंतरावर पाणी, आणि बायकांसाठी वर्षभर चालू राहणारी शौचालयं. वारीपुरती आणून ठेवलेली फिरती नव्हेत. बाया पहाटे तीनला उठतात त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. लोकप्रतिनिधी पालखीचं दर्शन घ्यायला येतात, फुगडी खेळतात, फोटो काढतात. त्यांना दुपारी दोन ते चार पाच किलोमीटर चालवावं, चपला काढून. निवेदन द्यायची गरज उरणार नाही.

काकूला हे तिची नात वाचून दाखवणार आहे, तेव्हा काकू, गुडघ्याचं लिहिलं म्हणून रागावू नकोस. आणि तुमच्यापैकी कुणी मुक्ताबाईंच्या किंवा शेगावच्या पालखीबरोबर चाललं असेल, तर तिकडच्या रस्त्याच्या कडेला आता काय उरलं आहे ते जरूर लिहा. माती आहे का, आणि झाडं किती.