दहावीची मुले इंग्रजी बोलत का नाहीत?

आपल्या वस्त्यांमधून संध्याकाळचे अभ्यासवर्ग ठिकठिकाणी चालतात. समाजमंदिरात किंवा विहारात सतरंजी टाकून, भिंतीला फळा टेकवून एखादा पदवीधर तरुण किंवा तरुणी दहावीच्या मुलांना शिकवते. गणिताच्या तासाला मुले हात वर करतात. पण 'इंग्रजी संभाषण' असा तास ठेवला की वर्गाचा नूर पालटतो. मुलगे मागच्या भिंतीकडे सरकतात, मुली वहीत डोके घालतात. 'व्हॉट इज युवर नेम' इथपर्यंत गाडी चालते. पुढचा प्रश्न विचारला की सारे चिडीचूप. दिवाळीपर्यंत वर्ग निम्मा होतो आणि शिकवणारा कार्यकर्ता वैतागून म्हणतो, "पोरांनाच नको आहे, आपण काय करणार?"

पोरांना खरेच नको आहे काय? आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीच्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची दहा वर्षे असतात. घरात आणि वस्तीत तो दिवसभर रिचार्ज, सिलिंडर, केस पेपर, कास्ट सर्टिफिकेट, व्हॅलिडिटी, इंटरव्ह्यू हे शब्द ऐकतो. एकदा वर्गातल्या मुलांनाच आपल्या घरात वापरले जाणारे इंग्रजी शब्द लिहून आणायला सांगून पाहावे. वहीचे पान भरून जाईल. शब्द मुलांकडे आहेत. अडते ते तोंड उघडताना.

का अडते? पहिले कारण हसू होण्याची भीती. पंधरा-सोळा वर्षांचे वय असे असते की मार परवडला, पण वर्गासमोर हसणे नको. एखादा 'इस्कूल' म्हणाला आणि चौघे हसले, की तो मुलगा वर्षभर बोलत नाही. दुसरे कारण परीक्षा. दहावीच्या इंग्रजीला ८० गुण लेखी आणि २० गुण शाळेच्या हातचे. मुले हुशार असतात. बोलून गुण फारसे वाढत नाहीत हे त्यांनी केव्हाच ताडलेले असते. तिसरे कारण म्हणजे आपण त्यांना बोलायला लावतो ते विषय. 'माय बेस्ट फ्रेंड', 'अ रेनी डे'. पाचवीपासून हेच पाठ केलेले. त्यात मुलाचे स्वतःचे सांगण्यासारखे काय उरले?

यावर काही वर्गांत दंडाचा उपाय करतात. मराठी शब्द निघाला की एक रुपया. याने इंग्रजी येत नाही, मराठीही बंद होते. दुसरा उपाय म्हणजे थोरामोठ्यांचे दाखले. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत, तुम्हाला चार वाक्ये बोलता येत नाहीत? असे ऐकवल्यावर मूल आणखी खाली मान घालते. दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, पण त्याआधी त्यांचे वडील रामजी सुभेदार यांनी घरी मुलाकडून इंग्रजीची तयारी करून घेतली होती. पुढे १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी इंग्रजीतून साक्ष दिली आणि दुसऱ्याच वर्षी 'मूकनायक' मराठीतून काढला. म्हणजे इंग्रजीसाठी मराठी टाकावी लागत नाही, आणि कोणीतरी शेजारी बसून करून घेतल्याशिवाय भाषा येत नाही. हे दोन्ही धडे मुलांपेक्षा आपण मोठ्यांनी घ्यायचे आहेत.

मग वर्गात करावे काय?

पहिली गोष्ट, थांबायला शिकावे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात शाळांमधील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून तपासले. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे दिसून आले. ही वेळ तीन सेकंदांवर नेली तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. ती मुले तर आपल्या नेहमीच्याच भाषेत उत्तर देत होती. आपल्या मुलाला आधी मराठीत विचार करायचा, मग शब्द शोधायचे, मग क्रम उलटा करायचा. त्याच्यासाठी मनात दहा आकडे मोजावेत. मधेच दुसऱ्याला विचारू नये.

दुसरी गोष्ट जोड्यांची. हिशेब अगदी साधा आहे. तीस मुलांच्या वर्गात तीस मिनिटे एकेकाला उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते, आणि बाकी एकोणतीस मिनिटे तो इतरांची फजिती पाहतो. त्याच मुलांच्या पंधरा जोड्या करून दहा मिनिटे दिली तर प्रत्येकजण पाच मिनिटे बोलतो, आणि ऐकणारा एकच असतो. एकापुढे चुकायची लाज कमी वाटते. जोडी मुलांनाच निवडू द्यावी. मुलींना मुलींसोबत बसायचे असेल तर बसू द्यावे. गलका होईल, होऊ द्या. संभाषणाच्या तासाला शांतता असणे हेच वाईट लक्षण आहे.

तिसरी गोष्ट, बोलायला खरे कारण हवे. दोघांनाही ठाऊक असलेलेच विचारले तर बोलणे खोटे वाटते. एकाच्या हाती रेल्वेचे वेळापत्रक द्यावे आणि दुसऱ्याला नाशिकहून मुंबईस अमुक वेळेच्या आत पोहोचायचे आहे असे सांगावे. आता विचारल्याशिवाय सुटका नाही. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक चौघांत वाटून द्यावे. मंडपाचा खर्च एकाकडे, ध्वनिक्षेपकाचा दुसऱ्याकडे, जेवणाचा तिसऱ्याकडे, आणि चौथ्याने विचारून बेरीज करायची. या विषयावर गप्प बसेल असे पोर आपल्या वस्तीत सापडणार नाही. आणि दर आठवड्याचा एक विषय मुलांनीच ठरवावा. क्रिकेट म्हणाले तर क्रिकेट, मोबाईल दुरुस्ती म्हणाले तर तीच.

चौथी गोष्ट चुकांची. बोलणाऱ्याला मधेच तोडू नये. शिकवणाऱ्याने वहीत टिपत राहावे आणि शेवटच्या पाच मिनिटांत तीनच चुका, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर लिहाव्यात. त्यामागचे कारणही सांगावे. मुले 'आय अ‍ॅम लिव्ह इन नाशिक' असे म्हणतात, कारण त्यांच्या मनात 'मी'च्या मागे कुठेतरी 'आहे' उभे असते. 'यू लिव्ह व्हेअर?' असे विचारतात, कारण मराठीत प्रश्न करताना 'डू'सारखा शब्द आणावा लागत नाही. आपली चूक बुद्धीची नसून दोन भाषांच्या घडणीतल्या फरकाची आहे, हे कळले की मुलाची कॉलर ताठ होते.

आता सर्वात महत्त्वाचे. मराठी माध्यमातून दहावी झालेले मूल अकरावीला शास्त्र शाखेत जाते तेव्हा तिथले शिकवणे एकदम इंग्रजीत सुरू होते. पहिल्या महिन्यात ते मागच्या बाकावर जाते. समजले नाही हे सांगायचे कसे, हेच त्याला ठाऊक नसते. नव्वद टक्के मिळवलेली मुलगीही तिथे गप्प होते, आणि वर्षाअखेरीस घरचे म्हणतात, हिला शास्त्र झेपत नाही. तिला शास्त्र झेपते. तिला विचारता येत नाही. म्हणून दहावीच्या वर्गात बाकी काही झाले नाही तरी चार वाक्ये प्रत्येकाच्या जिभेवर बसली पाहिजेत: 'सर, आय डिड नॉट अंडरस्टँड.' 'प्लीज से इट अगेन.' 'हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?' 'वन मिनिट, लेट मी थिंक.' रोजच्या तासाला ही वाक्ये लागतील असे खेळ घ्यावेत. शिकवणाऱ्याने मुद्दाम भरभर बोलावे आणि मुलांनी त्याला अडवावे. शिक्षकाला अडवायची परवानगी मिळाली की दहावीच्या पोरांना कसा हुरूप येतो, हे करून पाहण्यासारखे आहे. ही वाक्ये कशासाठी, हेही त्यांना जूनमध्येच सांगावे. परीक्षेच्या पलीकडचे कारण दिसले की त्यांचा कंटाळा कमी होतो.

दिवाळीनंतर मात्र हट्ट धरू नये. जानेवारीत सराव परीक्षा, पाठोपाठ बोर्डाची. तेव्हा बोलण्याला दहाच मिनिटे ठेवावीत आणि ती लेखी परीक्षेला जोडावीत. भाषण लिहिणे, एखाद्या बाबीवर आपले मत मांडणे असे प्रश्न येतातच. आधी जोडीत बोलायचे, मग लिहायचे. बोललेले लिहिणे सोपे जाते, आणि बोलून गुण मिळत नाहीत ही मुलांची तक्रारही उरत नाही.

आता आयाबायांसाठी दोन शब्द. आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार, असे म्हणू नका. भाकऱ्या थापताना मुलाला म्हणावे, आज वर्गात काय बोललास ते बोल, आणि मग मला मराठीत सांग. सांगता सांगता त्याचे पक्के होते. पाहुण्यांपुढे 'जरा इंग्रजीत बोलून दाखव' असा हुकूम सोडू नये. इंग्रजी शाळेतल्या चुलतभावाशी तुलना तर मुळीच करू नये.

आणि वर्ग चालवणाऱ्या मित्रांनो, हजेरीच्या वहीत यंदा आणखी एक रकाना आखा. कोण किती बिनचूक बोलले हे त्यात लिहू नका. आज कोण बोलले, एवढेच लिहा. ज्या नावापुढे आठवडाभर खूण नसेल, त्या मुलाच्या शेजारी उद्या आपण स्वतः जाऊन बसायचे.