फिलिस्तिनींचा कैवार घ्या, ज्यूद्वेष सोडा

भिंगारमध्ये गाझावर तावातावाने बोलणारे दोन गट मला दिसतात. एक आपल्या पोरांचा. ढिगाऱ्याखालून काढलेल्या लेकरांचे फोटो पाहून त्यांचा जीव तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. पण त्यातल्याच काहींच्या मोबाइलवर हिटलरचा फोटो झळकतो, "याला काम पूर्ण करू द्यायला हवं होतं" अशा ओळीसह. दुसरा गट इस्रायलचा झेंडा मिरवणाऱ्यांचा. त्यांना ज्यूंशी काही देणेघेणे नाही; मुसलमान मरतोय एवढाच त्यांचा आनंद. आणि हिटलरचे चाहते त्यांच्यातही आहेत!

दुसऱ्या गटाला उत्तर देणारे बरेच आहेत. मला पहिल्या गटाशी बोलायचे आहे, कारण तो आपला आहे.

मित्रांनो, हिटलरने सुमारे 60 लाख ज्यूंना मारले. त्याच्या तावडीतून सुटलेले काही ज्यू हिंदुस्थानात आले होते. सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने इथल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना 'शत्रूचे लोक' ठरवून पकडले आणि आपल्या नगरला नजरकैदेत ठेवले. त्यांत नाझी होते, तसे नाझींपासून पळालेले ज्यूही होते. माणूस कोण आहे, त्याने काय केले, हे न पाहता त्याच्या जमातीवरून त्याला शत्रू ठरवले की असे होते. आपल्याला हा अनुभव नवा आहे का?

आता झायोनिझम म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. ही राजकीय चळवळ आहे. 1897 मध्ये थिओडोर हर्झलने बाझेलला तिची पहिली परिषद भरवली. युरोपात ज्यूंच्या कत्तली होत होत्या, म्हणून त्यांना स्वतःचे राष्ट्र हवे, हा तिचा मुद्दा. गुन्हा युरोपचा होता. त्याची किंमत मात्र फिलिस्तिनींनी मोजली: 1948 मध्ये सात लाखांहून अधिक लोक घरादाराला मुकले. हा अन्याय आहे आणि तो ठणकावून सांगायला मी कधी कचरणार नाही.

पण ज्यू म्हणजे झायोनिस्ट नव्हे. 1917 मध्ये बाल्फोर जाहीरनामा निघाला, तेव्हा ब्रिटिश मंत्रिमंडळातला एकमेव ज्यू मंत्री एडविन माँटेग्यू त्याच्या विरोधात उभा राहिला. झायोनिस्टही सगळे एका माळेचे मणी नव्हते. मार्टिन बुबर आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख ज्यूडा मॅग्नेस यांनी 1942 मध्ये 'इहूद' नावाची संघटना काढून अरब आणि ज्यू यांचे बरोबरीचे एकच राज्य मागितले. ते हरले. पण ते होते, हे विसरून चालणार नाही.

आणि ज्यू पाहायला जेरुसलेमला कशाला जायला हवे? कोकणातले बेने इस्रायली बघा. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. आडनावे दिवेकर, किहीमकर, रोहेकर. बोली मराठी. पैगंबर इलियासच्या, म्हणजे त्यांच्या एलियाहूच्या, नावाने ते मलिदा करतात. आपल्या फातिहा-नियाजात मलिदा असतो, त्यांचा पोह्यांचा आणि खोबऱ्याचा, एवढाच फरक! शेकडो वर्षे या मातीत त्यांच्यावर ज्यू म्हणून कुणी हात उगारला नाही.

मग ते इस्रायलला का गेले? कुणाला धर्माची ओढ होती, कुणाला बऱ्या दिवसांची आशा. शेजाऱ्यांच्या भीतीने ते गेले नाहीत. तिथे काय झाले? भेदभावाला कंटाळून काहींनी धरणे धरले आणि 1952 मध्ये ते भारतात परतले. पुढे तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांसाठी आजी-पणजीपर्यंतच्या वंशाची चौकशी लावली. मराठी बोलणाऱ्या या ज्यूंना जेरुसलेमच्या रस्त्यावर आंदोलन करावे लागले, तेव्हा 1964 मध्ये संसदेने ते बरोबरीचे ज्यू असल्याचे जाहीर केले. वंशावर उभे राहिलेले राज्य आज परक्याचे कागद तपासते, उद्या आपल्याच माणसाचे. आपण भारतात समान नागरिकत्व मागतो ते याच कारणाने. तेच तत्त्व तेल अवीवला लावा, गाझालाही लावा.

कुणी म्हणेल, "तिकडे बॉम्ब पडताहेत आणि तुम्ही बारकावे काढत बसलात!" बारकावा नाही, हा मुळाचा प्रश्न आहे. जग ज्यूंचा द्वेष करते, म्हणून शस्त्रबळावर उभे राहायला हवे, अशा आशयाचा युक्तिवाद नेतन्याहू करत आले आहेत. ज्यूंना दिलेली प्रत्येक शिवी त्यांच्या या म्हणण्याला पुरावा पुरवते. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने सुमारे 1200 माणसे मारली, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक होते. तो जुलूम होता. त्यानंतर गाझात हजारो मुले मारली गेली, तोही जुलूम, आणि कितीतरी मोठा. एकाला जुलूम म्हणताना दुसऱ्याला सबब देणारा न्यायाच्या बाजूने नसतो. कुणा कौमेच्या वैरापायी इन्साफ सोडू नका, ही ताकीद आपल्याला सूरह माइदाने दिलेली आहे.

आणि हे आपल्याला जमते. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये ज्यू धर्मगुरू, त्याची पत्नी आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. तेव्हा मुंबईच्या मुसलमानांनी त्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात दफनाला जागा नाकारली. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. मला अभिमान वाटतो तो त्या नकाराचा.

शांतता भाबड्यांचे काम नाही, जिवावरचे आहे. इस्रायलशी तह करणाऱ्या अन्वर सादातला 1981 मध्ये मुसलमान अतिरेक्यांनी मारले. ओस्लो करार करणाऱ्या राबिनला 1995 मध्ये ज्यू अतिरेक्याने मारले. दोघांनाही आपल्याच माणसांनी संपवले, कारण द्वेषावर जगणाऱ्यांना तह परवडत नाही. तरी 'पेरेंट्स सर्कल' मध्ये आपली मुले, आपली माणसे गमावलेली इस्रायली आणि फिलिस्तिनी कुटुंबे आजही एकत्र बसतात. त्यांच्यापेक्षा आपले दुःख मोठे आहे का?

1947 मध्ये भारताने फाळणीऐवजी अरब आणि ज्यूंचे संघराज्य सुचवले होते. ती मांडणी करणारे भारताचे प्रतिनिधी होते सर अब्दुर रहमान, एक मुसलमान न्यायाधीश. तो आपला वारसा आहे, हिटलर नव्हे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. कब्जा उठवा, वसाहती थांबवा, फिलिस्तिनींना त्यांचे हक्क द्या, हे जोरात मागा. ज्यूंनाही निर्भय जगू द्या, हे त्याच दमात मागा. 'यहुदी' हा शब्द शिवीसारखा वापरणे आजपासून बंद करा. जिथे सरकार म्हणायचे तिथे सरकार म्हणा. आणि पुण्याला गेलात तर लाल देवळासमोर क्षणभर थांबा. तेही इबादतीचे घर आहे.