हवेवर तोललेली गाडी

व्यापारी कुटुंबात मोटार घेताना किंमत, कर्जाचा हप्ता आणि विमा यांचा हिशेब चोख मांडला जातो. व्यवसायाच्या वहीत दरवर्षी १५ टक्के घसाराही पडतो. मात्र वहीतील घसारा आणि वस्तूची प्रत्यक्ष झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेच्या शॉकअपवर चालणाऱ्या जुन्या आलिशान गाड्या हा भेद फार लवकर शिकवतात.

१९९८ साली मर्सिडीजच्या एस-क्लास मोटारीत ‘एअरमॅटिक’ नावाने ही रचना आली. पुढे इतर महागड्या गाड्यांतही ती रुळली. पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी फुग्यातील दाबलेली हवा गाडीचा भार पेलते. अशा गाड्या जुन्या बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि मोह पडतो. पोलादी पाटा झिजला तरी गाडी उभी राहते. रबरी फुगा चिरला की ती खाली बसते.

अहेरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक कठीण होतो. आष्टी–आलापल्ली मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड ट्रकांची वर्दळ असते. पावसाळ्यातील खड्डे आणि चिखल रबराचे आयुष्य कमी करतात. चंद्रपूर गाठायचे तर शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास. त्यामुळे घरातील तांत्रिक जाण असलेला तरुण हे काम अंगणातच करावे असे म्हणतो. त्यात गैर काही नाही; परंतु काही पथ्ये पाळलीच पाहिजेत.

सकाळी गाडीचा एक कोपरा बसलेला दिसला, की फुग्यावर व हवेच्या नळीच्या जोडावर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे येतील तेथे गळती. दोष केवळ जोडाच्या ओ-रिंगचा असेल, तर मोठा खर्च टळतो. गळती अंगावर काढल्यास कॉम्प्रेसर सतत चालून जळतो आणि एका भागाचे दुखणे दोन भागांचे होते. एका बाजूचा फुगा गेला असेल, तर त्याच वयाचा दुसराही फार मागे नसतो. म्हणून जोडी बदलणे हिताचे.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यावी. चाकांना ठोकळे लावावेत आणि उंचीची स्वयंचलित यंत्रणा बंद करावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात. नळीत टायरच्या कितीतरी पट दाब असतो, म्हणून जोड एकदम न उघडता हळूहळू सैल करून हवा जाऊ द्यावी. शॉकअपच्या माथ्यावरील मधल्या मोठ्या नटाला हात लावू नये. केवळ भोवतालचे नट सोडवावेत. नवा भाग बसवल्यावर गाडी घोड्यांवर असतानाच त्यात हवा भरावी आणि मगच ती सावकाश उतरवावी. रिकाम्या फुग्यावर भार पडला, तर नवे रबर घडी पडून फाटते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट आणि उंचीची जुळणी कार्यशाळेतून करून घ्यावी. ज्या घरात घोड्या, मोजून आवळणारा पाना आणि मदतीला दुसरा माणूस नाही, तेथे वाचलेली मजुरी ही बचत नव्हे, जोखीम आहे.

पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना यतना राखण्यास सांगते. गाडी उतरवण्यापूर्वी खाली वाकून पाहणे, तेथे पोराचा हात, पान्यासाठी आत गेलेला मदतनीस किंवा सावलीला निजलेले कुत्रे नाही याची खात्री करणे, हे त्याच आज्ञेचे अंगणातील रूप होय.

आणि खरेदीपूर्वीचा विवेक त्याहून मोलाचा. जुनी गाडी स्वस्त वाटते ती केवळ पहिल्या दिवशी. चार फुगे आणि एक कॉम्प्रेसर यांची आजची किंमत विचारून ती मागितलेल्या दरात मिळवावी, आणि मगच सौदा स्वस्त की महाग ते ठरवावे. त्या बेरजेनंतर अहेरीच्या रस्त्याला पोलादी स्प्रिंगची साधी गाडीच शोभते असे उत्तर आले, तर त्यात कमीपणा नाही. परिग्रहाला घातलेली ती एक मर्यादाच आहे.