रंगाच्या डब्याआधी नोंदवही

एखाद्या पडक्या समाधीचा जीर्णोद्धार करायचे ठरले, की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? सिमेंटची गोणी, ऑइलपेंटचा डबा, चकचकीत फरशी आणि उद्घाटनाची पाटी. त्या पाटीवर समाधीच्या धन्यापेक्षा देणगीदारांची नावे ठळक. माझे म्हणणे एवढेच, की यातले काहीही आणण्याआधी एक दोनशेपानी वही आणावी.

संत तुकाराम नगरात राहणाऱ्या आम्हा मंडळींना याचे धडे पुणे-लोणावळा लोकलच्या एकाच मार्गावर मिळतात. एका टोकाला खडकी, दुसऱ्या टोकाला तळेगाव दाभाडे.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या समाध्या आहेत. हुद्दा कोणताही असो, शिळा सारखीच. या सगळ्या व्यवस्थेची सुरुवात मात्र दगडापासून झाली नाही. फेबियन वेअर नावाचा गृहस्थ १९१४ साली फ्रान्समध्ये रेडक्रॉसच्या मोटारींच्या पथकावर होता. युद्धभूमीवरच्या थडग्यांची नोंद कोणीच ठेवत नाही हे पाहून त्याने ती ठेवायला घेतली. त्या याद्यांतून १९१७ साली युद्धसमाधी आयोग जन्माला आला. खडकीतच एक स्मारक पहिल्या महायुद्धाचे आहे. ज्यांची थडगी भारत-पाकिस्तानात ठिकठिकाणी आहेत, पण जिथल्या तिथे सांभाळणे शक्य राहिले नाही, अशा अठराशेहून अधिक जणांची नावे त्यावर आहेत. थडगे राखता आले नाही, तरी नाव राखले.

अर्थात याच आयोगाची वही सगळ्यांना सारखी नव्हती. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार केवळ संख्या. आयोगाने २०२१ साली अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. आपल्याकडच्या अनेक गावांतही त्या युद्धाच्या शिळा आहेत. गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा त्यांवर हिशेब आहे. आकडे आहेत, नावे नाहीत.

आता तळेगावकडे वळू. आपल्यात बहुधा दहन. त्यामुळे घराण्याची स्मृती समाधीच्या चौथऱ्यावर, छत्रीत किंवा वीरगळात राहते. शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतीपद दिलेल्या खंडेराव दाभाड्यांची समाधी तळेगावात बनेश्वर मंदिराजवळ आहे. ते १७२९ साली वारले. पुत्र त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत, तेही बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना पडले. त्यानंतर घराण्याचा भार उचलून १७३२ च्या अहमदाबाद मोहिमेवर स्वतः गेलेल्या उमाबाईंची समाधीही तळेगावातच. या समाध्यांना नाव आहे, इतिहासात पान आहे.

पण दाभाड्यांबरोबर जे घोडेस्वार आणि पायदळ गेले, त्यांचे काय? मावळ-खेडच्या शिवारांत, ओढ्याकाठी, देवळाच्या जोत्याशी घराण्यांचे चौथरे आणि वीरगळ आढळतात. खालच्या चौकटीत लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. कोणी शेंदूर फासतो, कोणी त्यावर कपडे धुतो. भावकीत शेताचे वाटे पडतात, पण समाधीचा वाटा कोणालाच नको असतो. आता कारखान्यांमागून प्लॉटिंग आले. जेसीबीला वीरगळ आणि धोंडा यांतला फरक कोण सांगणार?

माझी उमेद बँकेत गेली, म्हणून तिथलाच दाखला देतो. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. पण वारसाचा हक्क बुडत नाही. कागद घेऊन तो केव्हाही उभा राहू शकतो, कारण खात्याची नोंद जिवंत असते. ज्या समाधीची नोंदच नाही, तिच्यावर हक्क सांगायला वारसाने यायचे कोठे?

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम. राज्याचा १९६० चा कायदा आहे, पण तो संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंपुरता. गावोगावचे चौथरे त्यात यायचे कधी? कोणी म्हणेल, भाविकांनी श्रद्धेने रंग दिला तर बिघडले काय? बिघडते. जुने बांधकाम चुन्यात असते आणि चुना श्वास घेतो. सिमेंट व ऑइलपेंट आत शिरलेली ओल कोंडून ठेवतात. मग क्षार फुटून दगडाचे पापुद्रे निघतात आणि कोरीव चेहरे पुसले जातात. दीडशे पावसाळ्यांनी केले नाही ते दोन डबे रंग करतो.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी वही: जागा, गट नंबर, छायाचित्र, घराण्याचे नाव, म्हाताऱ्यांना आठवते ते, बायकांची नावेही. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी. मग झाडू आणि विळा. चौथऱ्यात शिरलेला पिंपळ उपटायचा नाही, फक्त छाटायचा आणि जाणकाराला विचारायचे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी सर्वांत शेवटी. वर्गणीही एकरकमी नको. आवर्ती ठेवीसारखी दरवर्षी थोडी हवी. एकदा लाखाचा सोहळा करण्यापेक्षा दर दसऱ्याला भावकीने तासभर गवत काढणे समाधीला अधिक मानवते.

येत्या दसऱ्याला गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शिवारात घेऊन जा. वही-पेन बरोबर ठेवा. आपल्याकडचे खरे पुराभिलेख नव्वदीच्या घरात आहेत आणि त्यांना दुसरी प्रत नाही.