सभा उधळणारे आणि पोलीस

२७ डिसेंबर १९०७ रोजीं सुरतेस राष्ट्रीय सभेच्या मंडपांत एक मराठी घाटाचा जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथ बानर्जींस लागून फेरोजशहा मेहतांवर आदळला, आणि पुढचें कामकाज खुर्च्या व काठ्या यांनीं चालविलें. अखेर मंडप रिकामा केला तो पोलिसांनीं. परक्या सरकारच्या पोलिसांनीं! त्या जोड्याचा अभिमान बाळगणारे अजून आढळतात. आम्हांस त्याची लाज वाटते.

भर सभेंत वक्त्यास अडचणीचा प्रश्न विचारणें, त्याची हुर्यो उडविणें, काळें निशाण दाखविणें हा श्रोत्याचा हक्कच होय. तो ज्यास सोसत नाहीं त्यानें व्यासपीठावर चढूं नये. परंतु गाड्या भरून माणसें आणावयाचीं, तीं ठिकठिकाणीं पेरावयाचीं, आणि खूण होतांच असा गलका करावयाचा कीं वक्त्याचा शब्द कोणाच्या कानींच पडूं नये, ही इतर श्रोत्यांवर उघड जबरी आहे.

अशा वेळीं पोलीस काय करतात? पुष्कळदां धमकीची वार्ता येतांच जमावबंदीचा हुकूम निघतो, आणि परवानगी नाकारली जाते ती सभा भरविणारास! एका वक्त्यास घरीं पाठविणें सोपें, २०० हुल्लडखोरांस आवरणें कठीण, हें आम्हांस कळतें. पण विलायतेंत १८८२ सालीं मुक्तिफौजेच्या मिरवणुकीवर विरोधी टोळी चालून येई म्हणून मुक्तिफौजवाल्यांनाच पकडण्यांत आलें, तेव्हां वरिष्ठ न्यायालयानें तें अमान्य केलें. आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंही १९८९ सालीं एका तामीळ चित्रपटाच्या प्रकरणांत बजावलें कीं, विरोधी जमाव आवरत नाहीं ही सबब सरकारास सांगतां येणार नाहीं.

पोलीस दाराबाहेर राहिले म्हणजे काय होतें तें ७ जून १९३४ रोजीं लंडनच्या ऑलिंपियांत दिसलें. मोस्लेच्या सभेंत विरोधक गट करून शिरले, आणि काळ्या सदऱ्यांच्या स्वयंसेवकांनीं त्यांस मुठींनीं बदडून बाहेर काढलें. पोलीस मुख्यतः रस्त्यावरच होते.

निवडणुकीच्या काळापुरता तरी आमच्याकडे कायदा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७ व्या कलमान्वयें सभेचें काम बंद पाडण्यासाठीं दंगा करणारास ६ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. तेव्हां पोलिसांनीं आंत यावें, अध्यक्षांच्या विनंतीवरून एकेकाचें नांव व पत्ता विचारावा, आणि प्रश्न विचारणाऱ्यास मात्र हात लावूं नये. चिथावणारासही तेंच कलम लागू आहे. गाड्यांचें भाडें कोणीं भरलें याची चौकशी झाल्याचें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं.